धरायला घरचं माणूस

चिंचटोला, ता. तुमसर
१८ सप्टेंबर १९८३

ताई,

नमस्कार लिहिते आहे. घ्यायचा तर घे, नाही तर पुढच्या ओळीवर ये.

मागच्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. हे तिसरंही तुझ्या पत्र्याच्या पेटीत तळाशी जाऊन बसेल, हे मला कळतं. तरी लिहिते, कारण मला चीड आली आहे आणि ती काढावी असं इथे कोणी नाही. इथे मी नर्सबाई आहे. नर्सबाईने चिडायचं नसतं, सुई टोचायची असते.

तुझे देवर परवा इथे येऊन गेले. तू म्हणशील, देवर काय म्हणतेस, तुझा नवरा आहे. बरं, मधुकरराव. पवनीहून बस बदलत बदलत इतक्या लांब आले, इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि मला न भेटता गेले. सरपंच देवाजींकडे पाटोडीचा रस्सा जेवले आणि परतीची बस धरली. मी तेव्हा बपेऱ्याला लस टोचायला गेले होते. परत आले तर आमच्या उपकेंद्राच्या पायरीवर सत्यभामाबाई बसलेली. ती इथली जुनी सुईण. मी आल्यापासून तिला बाळंतपणाचं बोलावणं कमी झालं, म्हणून माझ्यावर तिचा राग आहे. तिने मोठ्या गोडीने सांगितलं, तुमचे मालक येऊन गेले, फार सज्जन माणूस दिसले.

सज्जन तर आहेतच. दारू नाही, हात उचलणं नाही, शाळेत घंटेच्या आधी हजर. मीही कधी दुसरं म्हटलं नाही.

तर त्यांनी जिल्हा परिषदेत अर्ज दिला आहे, की मी पवनीला मास्तर, बायको तुमसर तालुक्याच्या टोकाला परिचारिका, तेव्हा नवरा-बायकोला एका ठिकाणी ठेवावं. तसा नियम आहे म्हणे. साहेबांनी ग्रामपंचायतीचं मत मागवलं आहे. ही बाई आम्हाला पाहिजे, असा ठराव गावाने दिला तर बदली थांबेल, कारण या टोकाला यायला दुसरं कोणी तयार होत नाही. ठराव नाही दिला तर दिवाळीनंतर मी पवनीला. म्हणजे त्याच घरात, तुझ्या खोलीला लागून असलेल्या खोलीत.

देवाजी ठराव द्यायला तयार नाहीत. त्यांना पुरुष कर्मचारी पाहिजे. श्रावणात नाल्याला पूर होता तेव्हा मी दोन दिवस पलीकडे जाऊ शकले नाही, हे त्यांनी मनात धरलं आहे. त्या दोन दिवसांत त्यांचे बैलही नाल्यापलीकडे गेले नव्हते. पण बैलांच्या विरुद्ध ते अर्ज करणार नाहीत.

ताई, आई गेल्यावर तूच माझ्या वेण्या घातल्यास, तूच मला नर्सिंगला पाठवलंस, आणि तूच आपल्या धाकट्या देवरासाठी मला मागून घेतलंस. दोघी बहिणी एका घरात राहू म्हणालीस. मी निघून आले आणि त्या घरात तुझी मान खाली गेली. ते मला समजतं. मी का निघाले हे सगळ्या पवनीला माहीत आहे. सायकलीवरून भांडण झालं. तेवढंच आज लिहिते.

तुझी,
कुंता


चिंचटोला
१० ऑक्टोबर १९८३

ताई,

हे पत्र वाचताना खाली बस. उभ्याने वाचशील तर हातातलं भांडं पडेल.

मी सायकल-पटात नाव दिलं आहे.

तुला शंकरपट माहीत आहे, बैलांच्या जोड्या पळवतात तो. इथे दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत बैलांच्या ऐवजी सायकली पळवतात. पण रस्त्यावर नाही. शाळेच्या मैदानातून निघायचं, बैलबंड्यांच्या चाकोऱ्यांनी फाटलेल्या पांदणीतून तलावाच्या पाळीवर चढायचं, पाळीवरून खाली कापलेल्या धानाच्या बांध्यांत उतरायचं. तिथे दर वीस पावलांवर धुरा, मातीचा उंच बांध, म्हणजे दर वीस पावलांवर सायकल उचलायची. मग नाला, त्यात गुडघाभर पाणी, सायकल खांद्यावर. मग मुरमाचा चढ, थोडं जंगल, आणि तिठ्यावरून परत शाळा. अशा तीन फेऱ्या. नियम एकच, की सायकल आणि माणूस सोबतच पोचले पाहिजेत. चेन तुटली तर सायकल खांद्यावर घेऊन या, पण सोडून येऊ नका.

बाईने कधी भाग घेतलेला नाही. घेऊ नये असं कुठे लिहिलेलंही नाही. मी विचारलं.

झालं असं. मी ठराव मागायला पंचायतीत गेले. पाच-सात जण बसले होते. देवाजी म्हणाले की बाई, तुम्ही कामाला चांगल्या, पण हा मुलूख बाईमाणसाच्या पायांचा नाही. मी म्हटलं, मी रोज तीस किलोमीटर याच मुलुखात सायकल मारते, ती कोणाच्या पायांनी? मग कोणीतरी मागून म्हणालं, मग मंडईत उतरा ना पटात. सगळे हसले. देवाजीही हसले आणि हसता हसता बोलून गेले,

"पयल्या पाचात आल्या तं मी सोताच्या हातानं ठराव लिहीन, बाई."

मी म्हटलं, "आणि नाही आले तर स्वतःच्या हाताने सामान बांधीन. शब्द पक्का?"

मग कोणी हसलं नाही. देवाजींनी होकाराची मान हलवली. आता त्यांना मागे फिरता येत नाही आणि मलाही.

ही वार्ता माझ्या आधी माझ्याकडच्या पाचही गावांत पोचली. परवा बांधीतल्या बायकांनी मला अडवून विचारलं, लुगडं नेसून पळणार का. मी म्हटलं, रोवणा करताना तुम्ही कास्टा मारून दिवसभर चिखलात उभ्या राहता, तेव्हा लुगडं आडवं येतं का? माझी सायकल दांडीची आहे, पुरुषी. आधी लाज वाटायची, आता कळतं की दांडी खांद्यात बरोबर बसते. मडगार्ड काढून ठेवली, नाही तर चिखल भरून चाक फिरत नाही.

सराव मात्र नाही. सरावाला वेळ कुठला? माझी नोकरी हाच माझा सराव. त्या पोरांना हे बरं, दिवसभर पाय ताजे ठेवून संध्याकाळी पाळीवर फेऱ्या मारतात. दूध गोळा करणारा भैय्यालाल तर पाच वर्षं कोणाला हरलेला नाही.

आता कामाचं. पटात बैलजोडी झेंडी पडेपर्यंत घरच्याच माणसाने धरायची असते ना, तशीच इथे सायकल धरतात. प्रत्येकाच्या मागे घरचं कोणीतरी कॅरिअर धरून उभं राहतं. धरणारं नसेल तर पळू देत नाहीत. म्हणतात, ज्याला धरायला घरचं नाही तो पळून कुठे जाणार. बाप, भाऊ, काका, कोणीही चालतं.

माझं घरचं कोण? तूच सांग.

मंडई तेरा नोव्हेंबरला, रविवारी. तुमसरहून बपेऱ्याची बस मिळते. ये.

कुंता


चिंचटोला
८ नोव्हेंबर १९८३

ताई,

भाऊबीज झाली. आपल्याला भाऊ नाही, म्हणून तू दरवर्षी मलाच पाटावर बसवून ओवाळायचीस. यंदा मी उपकेंद्रात कापूस उकळत बसले होते.

पाय दुखतात. हे तुला सांगते, इथे कोणाला सांगत नाही. गेल्या आठवड्यात चार दिवस कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचं शिबिर होतं. बायकांना गावोगावून आणणं, परत पोचवणं, टाके पाहणं, सगळं सायकलवर. शिबिर संपलं तोच इथली पंचफुला बाळंत झाली. पहिलटकरीण, अडली होती, पण सुटली. मुलगी झाली. आता दहा दिवस रोज तिच्याकडे जायचं, नाळ पाहायची. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे पटाच्या आधी दोन दिवस सुट्टी मागितली. ते म्हणाले, सिस्टर, शर्यतीसाठी रजा कोणत्या नियमात बसते? बसत नाही. मी उठून कामाला गेले.

आज मांडीला हात लावला तर लाकूड. अशा पायांनी मी त्या पोरांच्या पुढे कशी जाणार, ते मला माहीत नाही. पण पवनीला या पायांनी येणार नाही, हे माहीत आहे.

तू लिहीत नाहीस. तू रागावली आहेस, असं मी आजवर धरून चालले. काल सायकल लोटत मुरमाचा चढ चढताना माझ्या मनात आलं, की रागावलेली तर मी आहे. तेव्हा लिहूनच टाकते. तुझ्या पेटीत एक खरं पत्रही असू दे.

सायकलीवरून भांडण झालं, असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणते. भांडण झालंच नाही. मधुकररावांनी माझ्या सायकलीला साखळी घालून कुलूप लावलं, एवढंच. ओरडले नाहीत. मास्तराची बायको गावोगाव सायकलवर हिंडते हे बरं दिसत नाही, जवळच्या गावांना पायी जा, दूरच्या गावांना सुईणी आहेत, असं शांतपणे सांगून शाळेत गेले. दुपारी नदीकडच्या गावाहून माणूस आला. बाई सकाळपासून अडलेली. नऊ किलोमीटर. मी घरभर किल्ली शोधली. तुला विचारलं. तू चुलीपुढे बसली होतीस, तू म्हणालीस, मले काय माहीत. मी पायी गेले. धावले, चालले, पुन्हा धावले. पोचले तेव्हा मूल पोटातच गेलं होतं. आई वाचली. एक तास आधी पोचले असते तर मूल वाचलं असतं का? मला माहीत नाही, ताई. मी नर्स आहे, मला माहीत असायला पाहिजे, पण नाही. हे न माहीत असणं मी दीड वर्षं सोबत घेऊन हिंडते.

संध्याकाळी घरी आले. कोणी काही विचारलं नाही. स्वयंपाकाची माझी पाळी होती. हळदीसाठी तुझा मसाल्याचा डबा उघडला. मधल्या वाटीत, हळदीखाली किल्ली होती.

तू माझ्या मागेच उभी होतीस. तू म्हणालीस, "देवरनं ठेवाले सांगतलं होतं. मी काय करू?"

मी स्वयंपाक उरकला. दोन दिवसांनी निघाले आणि सगळ्यांना वाटलं, नवऱ्याला सोडून गेली. मी तुला सोडून आले, ताई. नवऱ्याकडून मला फार काही नको होतं. तुझ्याकडून होतं.

लिहिलं. आता हलकं वाटतं का? नाही.

रविवारी ये किंवा येऊ नको. पट मी पळणार.

कुंता


चिंचटोला
१५ नोव्हेंबर १९८३

ताई,

तू आली नाहीस.

मी बसकडे पाहत नव्हते, असं लिहिणार होते. पाहत होते. शनिवारी संध्याकाळच्या बसमधून मंडईची पाहुणेमंडळी उतरली, एकेका घरात चार-चार. रविवारी सकाळच्या बसमधून फुगेवाला, जिलेबीवाला आणि दंडारीतले दोन नाचे उतरले. बस रिकामी झाली. मग मी कास्टा मारला.

बावीस सायकली होत्या. मी एकविसावी उभी राहिले, बाविसावा एक मुलगा, ज्याची सायकल पट सुरू होण्याआधीच पंक्चर होती. प्रत्येकाच्या मागे कोणी ना कोणी. चाकांना कुंकू, खांद्यावर गुलाल. माझ्यामागे मोकळं. देवाजी झेंडी घेऊन ओळीपुढून चालत आले, माझ्यापाशी थांबले, आणि हळूच म्हणाले की बाई, धरणारं नसलं तर मला पळू देता येणार नाही, रीत आहे. आवाजात त्यांच्या सुटका होती. मी म्हटलं, रीत मान्य आहे, झेंडी पडेपर्यंत वेळ आहे. काय करणार होते, मला माहीत नव्हतं. नुसता वेळ मागितला.

तेवढ्यात सायकल मागून हलली. सत्यभामाबाईने कॅरिअर धरलं होतं. जिचा माझ्यावर राग आहे ती. तोंडात तंबाखू, डोळे भलतीकडेच.

देवाजी म्हणाले, "तू कोन लागतं यांची?"

"एकाच घरी जातो आमी दोघी," ती म्हणाली. "बाळंतिनीच्या बाजेपाशी. आनखी कोनतं नातं पायजे?"

देवाजी पुढे गेले. मी मागे वळून काही म्हणणार तोच ती म्हणाली, समोर पाहा.

झेंडी पडली आणि तिने असा धक्का दिला की मी पहिल्या दहा हातांत पडता पडता वाचले.

पहिली फेरी काही सांगण्यासारखी नाही. पांदणीत सगळे माझ्यापुढे गेले. पाय वरच उचलत नव्हते. धुऱ्यावर सायकल उचलायला दोन-दोनदा जोर लावावा लागला. नाल्यात पाणी गार, तेवढंच बरं वाटलं. मुरमाच्या चढावर लोक उभे होते. ते ओरडत होते, नर्सबाई, सुई विसरल्या का. मी चौदावी की पंधरावी होते. मनात म्हटलं, हसा. ज्या दिवशी ताप येईल त्या दिवशी मीच येणार आहे.

दुसऱ्या फेरीत माझ्या रोजच्या रस्त्याने मला हात दिला. तलावाच्या पाळीखाली दोन बांध्या आहेत, वरून वाळलेल्या दिसतात पण पाझराने आतून लोणी असतात. मी त्यात आषाढापासून चार वेळा फसले आहे. पुढची पोरं जवळ पडतं म्हणून सरळ घुसली आणि सहा जण मांडीपर्यंत गेली. एकाची चप्पल अजून तिथेच आहे. मी धुऱ्याधुऱ्याने वळसा घातला आणि त्यांच्या बाजूने निघून गेले. नाल्यातही तसंच. खालचा उतार सोपा दिसतो पण तिथे शेवाळ आहे. मी वरच्या दगडांवरून जाते. तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा मी चौथी होते. चौथी, ताई. पुढे भैय्यालाल आणि दोघे. शाळेपाशी बायकांनी एवढा कल्ला केला की ढोलकी थांबली.

तिसऱ्या फेरीला नाल्यात पडले. चूक माझीच, वरच्या दगडांवर पायच नीट टेकला नाही. सायकल अंगावर आली आणि चेनच्या चाकाचे दात पायात गेले. रक्त पाहिलं, किती खोल ते पाहिलं, शीर नाही हे पाहिलं. रोजचंच काम. उठले. चढावर सायकलीला टेकून चालले, चालता चालता पळाले. अजूनही चौथीच होते.

आता जे झालं ते तुला सांगताना मला लाज वाटते आणि हसूही येतं.

जंगलातून तिठ्यावर आले. डावीकडे शाळा, दोन फर्लांग, सगळा उतार. उजवीकडे पंचफुलाचं घर. गेले आठ दिवस रोज फेरीवरून येताना मी त्या तिठ्यावर उजवीकडे वळते. माझ्या डोक्यात तेव्हा काहीच नव्हतं. डोकं बंद होतं, फक्त पाय चालत होते. आणि पाय उजवीकडे वळले. मी जोर लावून, दात-ओठ खाऊन, सगळ्या गावासमोर पंचफुलाच्या घरी निघाले. मागून लोक ओरडत होते. मला वाटलं, वाहवा करत आहेत. मी आणखी जोर लावला.

अंगणात पोचले तर पंचफुला पोर मांडीवर घेऊन उन्हाला बसलेली. माझ्याकडे पाहत राहिली.

"बाई, मी बरी आहो," ती म्हणाली. "तुमी पट सोडून इकडे कायले येऊन राहिल्या?"

मी सायकल फिरवली. कशी फिरवली आठवत नाही. तिठ्यावर परत आले तोवर दोघे पुढे निघून गेले होते. त्यांतल्या एकाला शाळेच्या फाटकापर्यंत जवळजवळ गाठलं होतं. जवळजवळ.

सहावी आले.

देवाजींनी नंबर पुकारले. सहावा नंबर, कुंताबाई, असं मोठ्याने म्हणाले. लोक हसत होते. तिठ्यावरची हकीकत माझ्या आधीच मैदानात पोचली होती. मी त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, "पाचात नाही आले. शब्द माझ्या लक्षात आहे." त्यांनी पुढचा नंबर पुकारला. मी सायकल लोटत उपकेंद्रात आले आणि पाय धुऊन टाके घातले. स्वतःच्या पायाला टाके घालताना कोणी पाहत नसेल तर ओरडता येतं. मी ओरडले.

सामान अजून बांधलेलं नाही. बांधीन. पण एक सांगून ठेवते. बदलीचा कागद आला तर मी पवनीच्या दवाखान्यात हजर होईन, कारण नोकरी सोडणार नाही. त्या घरात हजर होणार नाही. बाजाराच्या मागे खोली घेईन, सायकल दारात ठेवीन, आणि रोज सकाळी तुमच्या गल्लीतून घंटी वाजवत जाईन. देवराला सांगून ठेव.

कुंता


चिंचटोला
२४ नोव्हेंबर १९८३

ताई,

थोडक्यात लिहिते, पाळी बपेऱ्याची आहे.

सोमवारी पंचायतीची बैठक होती. मला बोलावलं. मला वाटलं, निरोपाचा नारळ असेल. आत गेले तर पंचफुलाची सासू दारातच बसलेली, बाजूला आणखी सात-आठ बाया, आणि सत्यभामाबाई खांबाला टेकून. बायका पंचायतीत येत नाहीत. कोणी बोलावलं होतं, ते कोणी सांगत नाही.

देवाजी म्हणाले की त्यांच्या हातून आधी एक चूक झाली, पाय पाहायचे सोडून त्यांनी नंबर पाहिला. मग ते जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"बैल थकला का आपल्या गोठ्याकडं वळते. आमी बैलवाले मानसं आहो, आमाले हे समजते. हे बाई थकून अर्धी झाली होती, तवा कोठी वळली ते साऱ्या गावानं पाह्यलं. ठराव लिहा."

सगळे माना हलवत होते. मला रडू येत होतं, म्हणून मी भांडले. मी म्हटलं, मला दया नको. शब्द पाचाचा होता, मी सहावी आले. ठरावात खोटं लिहिलेलं मला चालणार नाही. देवाजी वैतागले. शेवटी लिहिलं ते असं, नक्कल माझ्याकडे आहे: 'सदर परिचारिका सायकल-पटात सहाव्या नंबरावर आल्या. रस्ता चुकल्या नसत्या तर चौथ्या आल्या असत्या. तरी गावास हीच परिचारिका पाहिजे.' मधलं वाक्य सत्यभामाबाईने घालायला लावलं.

ठराव भंडाऱ्याला गेला आहे. साहेब काय करतात पाहू.

कुंता


चिंचटोला
१८ डिसेंबर १९८३

ताई,

बदली होणार नाही असा कागद बारा तारखेला आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं कार्ड आलं.

तुझं अक्षर मी दीड वर्षाने पाहिलं. चौथीच्या वर्गात शिकलीस तसंच आहे, प्रत्येक अक्षर वेगळं उभं. मजकुरात माझं नाव नाही, तुझं नाव नाही, नमस्कार नाही. एकच ओळ, 'कोन्त्या पायाले लागलं?'

मी ते कार्ड घेऊन पायरीवर बसले. आधी राग आला. मी एवढं सगळं लिहिलं, नदीकडच्या त्या गावाचं लिहिलं, हळदीचं लिहिलं, आणि ही बाई पाय विचारते. मग लक्षात आलं की पाय विचारायचा तर तुला माझी पत्रं वाचावी लागली असतील. पेटीत टाकली नाहीस. वाचलीस, बहुतेक पुन्हा पुन्हा, आणि त्यातून तुला विचारता येईल असं एवढंच सापडलं. बाकीचं तुला विचारता येत नाही आणि मलाही ऐकायचं नाही. तू माफी मागितली असतीस तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. बरं झालं, नाही मागितलीस. आणि मीही माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. नदीकडच्या त्या बाईचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

पण तू विचारलं आहेस, तर सांगते.

डाव्या पायाला. गुडघ्याच्या खाली, चार बोटं लांब. टाके काढले. चढावर अजून ओढतो. खूण राहील.

तुमसरहून सकाळी बपेऱ्याची बस असते. चिंचटोल्याच्या फाट्यावर उतर आणि कोणालाही विचार. मला न्यायला येत असशील तर येऊ नको. पाय पाहायला येत असशील तर ये.

कुंता